संपादक आज येऊ शकत नाहीत

सोमवारी संध्याकाळी वडील जेवणाच्या टेबलावर विद्यापीठाचा अर्ज पसरून बसले होते आणि सतराव्या प्रश्नापाशी त्यांचं घोडं पेंड खात होतं. ‘आपल्या वृत्तपत्राचा समाजावरील अपेक्षित प्रभाव तीनशे शब्दांत विशद करा.’ त्यांनी बॉलपेनने उत्तर लिहिलं होतं, ‘लोक बादल्या भरून ठेवतात.’

“चार शब्द झाले,” ते म्हणाले. “दोनशे शहाण्णव उरले.”

मुलगी ओट्याशी भांडी पुसत होती. “पुरे की. मुद्द्याचं आहे.”

“मुद्द्याचं घेऊन विद्यापीठ काय करणार? तू एवढी पुस्तकं वाचतेस, तूच लिही. मध्ये कुठेतरी ‘परिप्रेक्ष्य’ घाल.”

“उद्या बघते. दिवसभर लोकांना गप्प बसवून माझंच तोंड दुखतंय.”

ती सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती. अठरा वर्षं तिने शांतता राखण्याचं काम इमानेइतबारे केलं होतं, आणि त्यातली बरीचशी शांतता ती घरीही घेऊन यायची. वडील हसले, अर्जाच्या शेवटच्या पानावर सही करून मोकळे झाले आणि सतरावा प्रश्न तिच्यासाठी ठेवून झोपायला गेले.

वडिलांचा पेपर म्हणजे दर शुक्रवारी निघणारं चार पानांचं साप्ताहिक. वर त्याचं भारदस्त नाव छापलेलं असे, पण ते वडील आणि टपाल खातं सोडून कोणालाही पाठ नव्हतं. सगळे त्याला ‘चारपानी’ म्हणत. कुठल्या गल्लीला कुठल्या दिवशी पाणी नाही, कोणता रस्ता कोणी खणला आणि बुजवायला कोण विसरलं, प्रभागाच्या सभेत कोण बोललं आणि कोण झोपलं, कोणाच्या किल्ल्या सापडल्या, एवढ्या ऐवजावर तो तीस वर्षं चालला होता. आता मात्र छापखान्याने हात वर केले होते. इतक्या थोड्या प्रतींसाठी यंत्र फिरवणं परवडत नाही, वर्षअखेरीनंतर दुसरं बघा, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. तरणोपाय एकच होता. स्थानिक बातम्या आणि नागरी माहिती जगवण्यासाठी सरकारने अनुदान काढलं होतं. फक्त ते पेपरला मिळत नव्हतं. ते विद्यापीठाला मिळायचं, आणि विद्यापीठाने एखादा स्थानिक पेपर हुडकून त्याला भागीदार करून घ्यायचं. म्हणजे तहान पेपरला, आणि पाणी मात्र विद्यापीठाने आधी चूळ भरून मग द्यायचं. अनुदान मिळालं तर चारपानी चालणार, नाहीतर तीस वर्षांचा कारभार बंद. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे दोघांना.

मंगळवारी सकाळी वडील घरची पाणीपट्टी भरायला पालिकेच्या पाणी विभागात गेले. त्रेचाळीस नंबरची चिठ्ठी घेऊन बाकावर बसले. नंबर दोनदा पुकारला गेला. तिसऱ्यांदा पुकारण्याआधी चव्वेचाळीस नंबरवाल्याने त्यांच्या खांद्याला हात लावला, आणि मग पुढचे सगळे नंबर तसेच राहिले.

कळवाकळवीचं काम आत्याने हाती घेतलं. आत्याच्या आवाजाला फोनची गरज नव्हती, केवळ रीत म्हणून ती तो कानाला लावायची. नातेवाईक, शेजारी, वाचनालय, छापखाना, सगळ्यांना दुपारपर्यंत समजलं होतं. त्यामुळे मुलीला कोणालाच काही सांगावं लागलं नाही. लोक यायचे ते ऐकूनच यायचे. ती त्यांना पाणी द्यायची आणि मान हलवायची.

गुरुवारी तिला टेबलावर तो अर्ज दिसला. मुदत त्याच दिवशी संपत होती. सही होती, शिक्का होता, सतराव्या प्रश्नाखाली चार शब्द होते. तिने पेन उघडलं. दोनशे शहाण्णव शब्द जमवायला तिच्यासारखीला अर्धा तास पुरला असता. पण वडिलांच्या अक्षराखाली आपलं अक्षर काढवेना. तिने पेन मिटलं, अर्ज होता तसा पाकिटात घातला आणि दोन बस बदलून विद्यापीठात नेऊन दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते कळायला वेळ होता.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. योजनेच्या समन्वयक प्राध्यापिका होत्या, ज्यांना विभागप्रमुखांसकट सगळे फक्त ‘मॅडम’ म्हणत.

“चार शब्दांचं ते उत्तर,” मॅडम म्हणाल्या, “मी आमच्या समितीत मोठ्याने वाचून दाखवलं. बाकीच्या पेपरांनी तीनशेच्या जागी नऊशे लिहिलेत. तुमचा पेपर निवडला गेलाय. संपादकांशी बोलता येईल का?”

सांगायचंच होतं तिला. तिने तोंडही उघडलं. बाहेर आलं ते असं, “संपादक आज येऊ शकत नाहीत.”

“मग उद्या?”

“उद्याही जरा कठीण आहे.”

फोन ठेवल्यावर तिने ही दोन्ही वाक्यं एखाद्या संशयास्पद देणगी-पुस्तकासारखी उलटून पालटून तपासली. त्यात खोटं काही सापडलं नाही. तरीही तिला बरं वाटलं नाही.

भागीदारीची अट अशी होती की पुढचे बारा अंक एकही न चुकता निघाले पाहिजेत. पहिल्या अंकाची काळजी नव्हती. तो वडील सोमवारीच लावून गेले होते. दुसऱ्यासाठी मात्र तिने वाचनालयातून रजा घेतली आणि चारपानीच्या कार्यालयात जाऊन बसली. कार्यालय म्हणजे घराखालीच, शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. संपादकांचं टेबल, त्यांची खुर्ची, समोर येणाऱ्यासाठी एक खुर्ची, आणि खिडकीशी जुळारीमामा. मामा पूर्वी शिशाचे खिळे जुळवायचे, आता कॉम्प्युटरवर पानं लावायचे, पण हुद्दा बदलून घ्यायला ते तयार नव्हते. ती वडिलांच्या खुर्चीत बसली नाही. स्टूल ओढून कोपऱ्यात बसली.

“पाण्याचं वेळापत्रक द्या, ताई,” मामा म्हणाले. “ते आधी लागतं. बाकी बातम्या त्याच्या आजूबाजूला बसवायच्या.”

आता कोणीही शहाणा माणूस अशा वेळी काय करेल? मूळ कागद शोधेल. तिने तेच केलं. पालिकेत गेली, बाकाकडे न बघता थेट नोंदणी कक्षात गेली, अधिकृत वेळापत्रकाची शिक्क्यासह प्रत मागून घेतली आणि काना-मात्रेचीही चूक न करता छापली. खाली संदर्भ दिला, जावक क्रमांकही दिला. चारपानीच्या इतिहासात इतकी शुद्ध बातमी कधी आली नव्हती.

सोमवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. दारात समोरच्या इमारतीतल्या बाई, हातात रिकामी बादली.

“आज पाणी नाही म्हणून छापलंत, म्हणून आम्ही काल रात्री टाकी, पिंप, लोटे, कळशा, सगळं भरून ठेवलं. आज नळ धो धो वाहतोय.”

“मग चांगलंच आहे की,” ती म्हणाली.

“चांगलं उद्या कळेल,” बाई म्हणाल्या.

उद्या कळलं. मंगळवारी, जेव्हा चारपानीनुसार पाणी चोवीस तास असायचं होतं, तेव्हा सगळ्या वस्तीत नळाने फक्त एक उसासा सोडला. दहा वाजेपर्यंत जिन्यात सात जण उभे होते. एकाच्या डोक्यावर शांपू होता. ते वेळापत्रक दोन वर्षांपूर्वीचं होतं. पालिकेने ते बदललं नव्हतं, कारण बदलायला ठराव लागतो. प्रत्यक्षात पाणी सोडणारा चावीवाला आपल्या अंदाजाने सोडत होता, आणि वडील दर आठवड्याला जाऊन त्या चावीवाल्याला विचारून येत होते.

“साहेब कागद कधी आणायचेच नाहीत,” जुळारीमामा शांतपणे म्हणाले.

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही शिक्का दाखवलात. शिक्क्यापुढे मी काय बोलणार?”

वरच्या मजल्यावरचे हेडक्लार्ककाका सल्ला द्यायला खाली आले. काका निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण ऑफिस त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. “खुलासा छापू नकोस,” ते म्हणाले. “खुलासा म्हणजे कबुली. ‘वेळापत्रकात अंशतः फेरबदल संभवतो’ असं छाप. याच वाक्यावर मी एकतीस वर्षं काढली.”

आत्याचं मत निराळं होतं. “बंद कर तो पेपर. नसती ब्याद. आणि काय ग, साऱ्या गावाच्या बातम्या छापल्यास, घरच्या माणसाची चार ओळींची बातमी आली नाही. लोक विचारतात मला.”

“जागा नव्हती,” ती म्हणाली.

“तिसऱ्या पानावर हरवलेल्या पोपटाला जागा होती.”

ती मान खाली घालून खुलासा लिहीत राहिली. चूक आमची, असा स्वच्छ खुलासा. काकांनी तो वाचून एखाद्याने फाशीची मागणी स्वतःहून करावी तसा चेहरा केला.

मध्येच विद्यापीठ अवतरलं. भागीदारीच्या कलमानुसार अकरा विद्यार्थी चारपानीला जोडून मिळाले होते. ते एकाच वेळी आले. खोलीत माणसं मावत होती चार, त्यामुळे सात जण जिन्यात उभे राहिले आणि शिंप्याला वाटलं गणवेशाची ऑर्डर आली. त्यांच्याबरोबर बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली होती. तीन दिवस ते वस्तीत फिरले. ‘नागरी माहितीचा आपला प्रमुख स्रोत कोणता?’ या प्रश्नाला सत्तर टक्के लोकांनी ‘नळ’ असं उत्तर दिलं. उरलेल्यांनी ‘शेजारीण’ म्हटलं. एका आजोबांनी उलट विद्यार्थ्यांनाच विचारलं, तुम्ही पालिकेचे ना, मग गटाराचं झाकण कधी बसवताय. त्यांनी ते उत्तरही नोंदवून घेतलं, ‘इतर’ या रकान्यात.

त्यातून त्यांनी पहिल्या पानासाठी अठराशे शब्दांचा लेख आणला. शीर्षक होतं, ‘पाणी : एक सामाजिक संकल्पना’. पाणी कधी येणार हे शेवटच्या तळटीपेत होतं.

मामांनी तो पडद्यावर वरपासून खालपर्यंत सरकवला. बराच वेळ लागला. “ताई, हा लावला तर बाकीच्या पेपराला मी कुठे ठेवू?”

तिने त्या अकरा जणांना समोर उभं केलं. अठरा वर्षांत कमावलेला वाचनालयाचा आवाज तिने काढला, हळू आणि धारदार. “हे सगळं खरं आहे. चांगलंही आहे. पण लोक हे वाचेपर्यंत पाणी जाईल. तळटीप वर आणा, बाकी सगळं खाली जाऊ द्या.”

“खाली म्हणजे किती खाली?” एका मुलीने विचारलं.

“पुढच्या वर्षीपर्यंत.”

त्या मुली-मुलांनी तोंडं पाडली, पण तळटीप वर आणली. मात्र तळटीपही त्यांनी पालिकेच्या संकेतस्थळावरून घेतली होती. तेव्हा तिने ठरवलं की आता उंटावरून शेळ्या हाकणं पुरे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती चौकातल्या लोखंडी झाकणापाशी जाऊन उभी राहिली. चावीवाला सायकलवरून आला. पाच फुटी लोखंडी चावी त्याने खाली टेकवली आणि तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

“या आठवड्यात कुठे नाही?” तिने विचारलं.

“तुम्ही कोण?”

“चारपानीची.”

“चारपानीचे साहेब यायचे. त्यांना सांगायचो. तुम्हाला कशाला सांगू? मागच्या आठवड्यात तुम्ही तर पालिकेलाच विचारलंत म्हणे.”

टोमणा बरोबर जागी बसला. तिने तो गिळला. “चुकलं. लोक माझ्या दारात बादल्या घेऊन आले.”

“माझ्या आले असते तर बरं झालं असतं का?” तो म्हणाला, पण चावी फिरवताना सुस्कारा सोडून सांगायला लागला. सोमवारी शाळेमागचा भाग बंद. बुधवारी दुपारनंतर कमी दाब. “लिहून घ्या. आणि दर बुधवारी या. मी फोनवर सांगत नाही.”

तिसरा अंक बरोबर निघाला. सोमवारी शाळेमागे पाणी आलं नाही, आणि कोणीही तिच्या दारात आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच न वाजलेल्या घंटेचा तिला एवढा अभिमान वाटला.

इकडे मॅडमचे फोन चालूच होते. संपादक भेटू शकतात का? नाही, आज नाही. प्रकृती बरी नाही का? यावर ती गप्प राहिली, आणि मॅडमनी त्या गप्प राहण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. फोनमागून शुभेच्छांचं पत्र आलं. त्यामागून एका परिषदेतल्या निबंधाची प्रत आली. मॅडमनी ‘लोक बादल्या भरून ठेवतात’ या वाक्यावर चौदा पानं लिहिली होती. त्यात परिप्रेक्ष्य सहा वेळा होतं. आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी निमंत्रणपत्रिकेचा कच्चा नमुना आला. विद्यापीठाच्या सभागृहात ज्येष्ठ संपादकांचा जाहीर सत्कार, मानपत्र, कुलगुरूंची उपस्थिती. सत्कारमूर्ती म्हणून वडिलांचं पूर्ण नाव. खाली एक ओळ, ‘सत्कारमूर्ती आपले मनोगत व्यक्त करतील.’

ती ओळ तिने तीनदा वाचली. मग पत्रिका घेऊन वरच्या मजल्यावर गेली, कारण असा कागद दाखवण्यासारखा जगात एकच माणूस होता.

हेडक्लार्ककाकांनी चष्मा लावला. आधी पत्रिका वाचली, मग योजनेची सगळी नियमावली मागवली आणि ती एखादी जुनी मैत्रीण भेटावी तशी मांडीवर घेतली. “ताकाला जाऊन भांडं लपवलंस तू,” ते म्हणाले. “अजून त्यांना सांगितलंच नाहीस?”

“संधी मिळाली नाही.”

“फोन किती आले?”

“नऊ.”

काका पानं उलटत राहिले. एकेचाळिसाव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. “हे बघ. संपादक बदलला तर तो बदल कारणासह त्याच वृत्तपत्रात प्रसिद्ध करून अंकाची प्रत तीस दिवसांच्या आत विद्यापीठाकडे द्यायची. नाहीतर भागीदारी आपोआप रद्द.” त्यांनी बोटांवर दिवस मोजले. “या शुक्रवारचा अंक तुझ्या हातात आहे. पुढचा शुक्रवार एकतिसावा दिवस. नियम माणसासारखा असतो बघ, शेवटपर्यंत ऐकून घेतला तरच वाट सापडते.”

तिने ते वाक्य मनातल्या मनात घोळवलं. कारणासह. तिला वाटलं, एवढंच ना. चार ओळी लिहायच्या, मामांना द्यायच्या, तिसऱ्या पानावर पोपटाच्या जागी लावायच्या. तिचं वाचन दांडगं होतं. अशा चार ओळी कशा लिहितात हे तिला पाठ होतं.

गुरुवारी दुपारी तिने त्या लिहिल्या. सुबक अक्षरात, नाव, वय, तारीख, आणि खाली, ‘यापुढे संपादनाची जबाबदारी त्यांच्या कन्येकडे राहील.’ चार वाजता पानं छापखान्याला जायची होती. तीन वाजून दहा मिनिटांनी तिने चिठ्ठी मामांच्या टेबलावर ठेवली.

मामांनी ती वाचली. घडी घातली. आणि परत तिच्या हातात दिली.

“हे चालणार नाही, ताई.”

“का? काही चुकलंय?”

“काही चुकलेलं नाही. पण निधनाची बातमी आपण चिठ्ठीवरून घेत नाही. फोनवरूनही नाही. घरचं माणूस येतं, त्या खुर्चीत बसतं, तोंडाने सांगतं. मग लागते.”

तिला खरंच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं तो पेपर घरी येत होता, पण तिसऱ्या पानामागे असं काही असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

“कोणी केला हा नियम?”

“साहेबांनी. फार पूर्वी एका मेहुण्याने रागाच्या भरात फोन करून आपल्या मेहुण्याची बातमी दिली. आपण छापली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ पेपर घेऊन हजर. इथेच बसले. त्यांचं म्हणणं काय, तर मेल्याबद्दल तक्रार नाही, पण दोनच ओळी का दिल्या. साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि त्या दिवसापासून नियम केला.” मामा पडद्याकडे बघत होते. “पुढे मी एकदा म्हटलं, साहेब, लोकांना कशाला त्रास, आता तर दाखला मिळतो, तो बघून छापू. तर म्हणाले, दाखला छापायला पुरतो रे. पण पुष्कळांना इथे बसून सांगतानाच ते पहिल्यांदा ऐकू येतं.”

“मामा, तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे. साऱ्या गल्लीला माहीत आहे.”

“म्हणून तर मी तीन आठवडे वाट बघतोय.”

“आज चारला पानं गेली नाहीत तर पेपर बंद होईल.”

“हो,” मामा म्हणाले. “म्हणून मी घड्याळाकडे बघतोय.”

तिला राग आला. असा राग तिला वर्षानुवर्षं आला नव्हता. तिने सांगितलं की मी मालक आहे, मामा म्हणाले बरोबर. तिने सांगितलं की मी स्वतः लावते, मामा खुर्चीवरून उठून बाजूला झाले. ती पडद्यापुढे बसली, आणि पाच मिनिटं त्या यंत्राने तिला तिसरं पानसुद्धा उघडू दिलं नाही. तिने एक बटण दाबलं तेव्हा पोपट दुसऱ्या पानावर जाऊन बसला. ती उठली. मामा पुन्हा बसले आणि त्यांनी पोपट जागेवर आणून ठेवला.

नेमक्या तेव्हा जिन्यात पावलं वाजली. मॅडम होत्या. एका हातात पत्रिकांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात मानपत्राची गुंडाळी. मागोमाग हेडक्लार्ककाका, धापा टाकत. “मी यांना खालीच गाठलं,” ते म्हणाले. “पण मी बोललो नाही हो काही. माझं काम नव्हे ते.”

“माफ करा, न कळवता आले,” मॅडम म्हणाल्या. “पत्रिका आज छापायला द्यायच्यात. सत्कारासाठी संपादकांची एक संमतीची सही हवी. पाच मिनिटं भेटले तरी चालेल. मी घरीही जाऊ शकते.” त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग हिच्याकडे. “फार त्रास नको द्यायला. मला फक्त त्यांना एकदा बघायचं होतं.”

हे शेवटचं वाक्य त्या समन्वयक म्हणून बोलल्या नव्हत्या. चौदा पानं ज्याच्या चार शब्दांवर लिहिली त्या माणसाला बघायला आलेली ती एक वाचक होती. वाचकांना काय हवं असतं हे ग्रंथपालाला कळतं.

भिंतीवर साडेतीन वाजले होते. दहाव्यांदा ते वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, चांगलं तयार, घासूनपुसून. संपादक आज. ती तिथेच थांबली. ते उच्चारलं की मॅडम परत जिना उतरतील, मामा घड्याळाकडे बघत राहतील, चार वाजतील, आणि वडिलांच्या मागोमाग त्यांचा पेपरही तिच्या गप्प बसण्याने जाईल. वडील गेले त्यात तिचा काही दोष नव्हता. हे मात्र तिचं काम ठरलं असतं.

ती टेबलाला वळसा घालून आली आणि येणाऱ्याच्या खुर्चीत बसली. खुर्चीचा एक पाय आखूड होता. एवढी वर्षं एवढी माणसं इथे बसून डुगडुगत बोलली असतील, असं तिच्या मनात आलं.

“घ्या, मामा,” ती म्हणाली.

मामांनी वही काढली. संपादकांच्या खुर्चीत ते बसले नाहीत, तिच्यामागे उभे राहून त्यांनी वही टेबलावर टेकवली. काकांनी मॅडमच्या हातातला गठ्ठा हळूच आपल्याकडे घेतला.

“नाव?” मामांनी विचारलं. तीस वर्षं रोज ज्यांच्याबरोबर बसले त्या माणसाचं नाव, अनोळखी असल्यासारखं.

तिने सांगितलं. पूर्ण, आजोबांच्या नावासकट.

“आपलं नातं?”

“मुलगी.”

“वय?”

“एकाहत्तर.”

“कुठे?”

“पालिकेत. पाणी विभागाच्या बाकावर. नंबर लागायचा होता.”

मॅडम कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांना कळलं होतं. मामांनाही कधीचं कळलेलं होतं. पण त्यांनी पेन वर उचलून धरलं. “एक पूर्ण वाक्य लागतं, ताई. साहेब ते शब्दाला शब्द उतरवून घ्यायचे. सावकाश सांगा. पंचवीस मिनिटं आहेत.”

तिला पंचवीस लागली नाहीत. बरीच लागली, पण पंचवीस नाही. खाली शिंप्याचं मशीन चाललं आणि थांबलं. तिने हात टेबलावर ठेवले, घसा साफ केला, आणि वाचनालयाच्या आवाजात नव्हे, आत्यासारख्या मोठ्या आवाजात, जिन्याखाली ऐकू जाईल असं, ती म्हणाली,

“माझे वडील वारले. त्यांचा पेपर आता मी काढते.”